पाचगणीच्या ज्येष्ठांची घरातली चाल

प्रति,
मा. नगराध्यक्ष आणि मा. मुख्याधिकारी, पाचगणी गिरिस्थान नगरपरिषद;
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, सातारा.

विषय : एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या चालण्याच्या वेगाची घरच्या घरी, त्यांना त्रास न होता ठेवायची नोंद

महोदय,

सत्तरीनंतर माणसाची प्रकृती कशी आहे हे त्याच्या चालण्याच्या वेगावरून जितके कळते, तितके दुसऱ्या एखाद्या मापावरून क्वचितच कळते. एक पाऊल टाकायचे तर मांडीत बळ लागते, गुडघा आणि खुबा वळावा लागतो, तळपायाला जमीन कळावी लागते, डोळ्यांना उंबरा दिसावा लागतो. आतल्या कानाने तोल सांभाळावा लागतो, हृदयाने आणि फुप्फुसांनी दम पुरवावा लागतो आणि या सगळ्यांचा मेळ मेंदूने घालावा लागतो. यातले काहीही ढिले पडले की चाल मंदावते. नाडी, ताप, श्वास, रक्तदाब यांच्या बरोबरीने चालण्याचा वेगही मोजावा, असे फिजिओथेरपीतले जाणकार २००९पासून आग्रहाने मांडत आले आहेत. २०११ साली अमेरिकेत स्टेफनी स्टुडेन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ दीर्घकालीन पाहण्यांतल्या, पासष्टी ओलांडलेल्या ३४,४८५ लोकांची माहिती एकत्र करून तपासली. वय, लिंग आणि चालण्याचा वेग एवढ्या तीनच गोष्टींवरून पुढच्या आयुष्याचा जो अंदाज आला, तो जुनाट आजार, धूम्रपान, रक्तदाब, वजन आणि रुग्णालयातल्या भरतीचा तपशील घेऊन बांधलेल्या अंदाजाइतकाच नेमका होता. सेकंदाला सुमारे ०.८ मीटर हा त्यात मध्यम आयुर्मानाशी जुळणारा वेग. युरोपातले तज्ज्ञ याच आकड्याखालची चाल धोक्याची धरतात. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९मध्ये आशियातल्या लोकांसाठी ही रेषा १ मीटरवर आणली.

वेग किती आहे याला महत्त्व आहेच, पण तो किती उतरला याला त्याहून जास्त आहे. सेकंदाला ५ सेंटिमीटरची घट दखल घेण्याजोगी मानतात, १० सेंटिमीटरची ठळक. हिशेब असा. एखादी आजी खाटेपासून मोरीपर्यंतचे ४ मीटर ५ सेकंदांत चालते. तिचा वेग ५ सेंटिमीटरने उतरला, तर तेवढ्याच अंतराला तिला साधारण ५.३ सेकंद लागतील. सेकंदाचा हा तिसरा हिस्सा शेजारणीच्या नजरेत भरत नाही, रविवारी फोन करणाऱ्या मुलाला कळण्याचा प्रश्नच नाही. आजीलाही तो जाणवत नाही, कारण ती नकळत सांभाळून घेत असते. भिंतीला हात टेकू लागते. देवळाची फेरी आधी एक दिवसाआड आणि मग सणावारीच करू लागते. रात्री उठायला नको म्हणून संध्याकाळनंतर पाणी पीत नाही. घरच्यांना कळते ते ती पडल्यावर. जगभरात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. अनवधानाने होणाऱ्या दुखापतींत रस्ते अपघातांच्या खालोखाल हेच मृत्यूचे कारण आहे, आणि मरणाऱ्यांत सर्वाधिक साठीपुढचे.

दवाखान्यातल्या मोजणीने हे भागत नाही. ती वर्षातून एकदा-दोनदा होते आणि डॉक्टरांसमोर माणूस ताठ होऊन, सावरून चालतो. उलट त्याच दिवशी गुडघा दुखत असेल किंवा आदल्या रात्री झोप झाली नसेल, तर माप दुसऱ्या बाजूला चुकते. घरात मात्र तोच माणूस त्याच वाटेने दिवसातून कितीतरी वेळा, कोणी पाहत आहे याची जाणीव न ठेवता जातो. त्या फेऱ्या मोजता आल्या तर एकेका दिवसाचा चढउतार बाजूला पडतो आणि आठवड्यांचा कल दिसू लागतो.

अशा मोजणीची सर्वांत साधी रीत पोर्टलंड इथल्या ओरेगॉन आरोग्य व विज्ञान विद्यापीठात जेफ्री के यांच्या ‘ऑरकाटेक’ या केंद्राने बसवली आणि २०१०मध्ये ती प्रसिद्ध झाली. जिन्यात माणूस आला की दिवा आपोआप लावणारा जो सेन्सर असतो, त्याच जातीचे चार सेन्सर घरातल्या बोळाच्या छतावर साधारण दोन-दोन फुटांवर एका ओळीत बसवायचे. शरीराच्या उष्णतेतून निघणारे अवरक्त किरण हललेले त्यांना कळतात. एरवी असा सेन्सर अख्खी खोली टिपतो. इथे त्याच्या भिंगाचा बराचसा भाग झाकून त्याला फक्त थेट खालची चिंचोळी पट्टी दिसेल असे करतात. कोणी खालून गेले की चारही सेन्सर एकापाठोपाठ एक जागे होतात आणि प्रत्येकाची वेळ नोंदली जाते. पहिल्यापासून चौथ्यापर्यंतचे अंतर ६ फूट, म्हणजे १.८३ मीटर. ते कापायला २.३ सेकंद लागले तर वेग सेकंदाला सुमारे ८० सेंटिमीटर. ३ सेकंद लागले तर जेमतेम ६०. मध्येच थांबून दिव्याचे बटण दाबले, किंवा अर्ध्यातून परत फिरले, तर ती फेरी हिशेबातून गळते. गेलेला माणूस कसा दिसतो, काय नेसला आहे, कोणाशी काय बोलला, यातले काहीही यंत्राला कळत नाही आणि कुठेही साठत नाही. त्याच्या वहीत फक्त वेळा असतात.

एवढ्या साध्या नोंदीतून काय हाती लागते, याची दोन उदाहरणे याच केंद्राची आहेत. ओरेगॉनच्या ज्येष्ठांवर दीर्घकाळ चाललेल्या पाहणीतून २०१०मध्ये दिसले की, ज्यांची स्मृती पुढे सौम्य प्रमाणात ढासळली त्यांची चाल त्याआधी जवळजवळ बारा वर्षे अधिक वेगाने मंदावू लागली होती. ती मोजणी दवाखान्यातली होती. नंतर घरांतल्या सेन्सरांवरून २०१२मध्ये दिसले की वेगाबरोबर वेगाचा डळमळीतपणाही बोलका असतो: ज्यांची चाल आठवड्यागणिक फार कमीजास्त होते, किंवा मुळीच बदलेनाशी होते, त्यांच्यात आकलनशक्तीची सौम्य घसरण जास्त आढळते.

मिझुरी विद्यापीठाने कोलंबिया गावात २००४मध्ये ‘टायगरप्लेस’ ही ज्येष्ठांची वसाहत सुरू केली. परिचर्याशास्त्राच्या मॅरिलिन रँट्झ आणि अभियांत्रिकीच्या मार्जरी स्क्युबिक यांनी तिथल्या घरांत रडार आणि अंतर मोजणारे सेन्सर बसवले. अंतराचा सेन्सर मूळचा दूरचित्रवाणीवरच्या खेळांसाठी बनलेल्या ‘किनेक्ट’ या यंत्रातला. त्याला चेहरा न दिसता फक्त सावलीसारखी आकृती दिसते. २०१६मध्ये त्यांनी मांडले की आठवडाभरात वेग सेकंदाला ५ सेंटिमीटरने घटला, तर पुढच्या तीन आठवड्यांत पडण्याची शक्यता ८६ टक्के असते, आणि पाऊल सुमारे साडेसात सेंटिमीटरने आखूड झाले तर ५० टक्के. हे आकडे एका छोट्या वसाहतीतले आहेत. ते उचलून पाचगणीला लावणे बरोबर होणार नाही. पण पडण्याच्या आधी तीन आठवड्यांची मुदत मिळते, ही गोष्ट मात्र फार मोलाची आहे. तीन आठवड्यांत औषध बदलता येते, चष्मा करता येतो, मोरीत धरायला दांडी बसवता येते. याच वसाहतीत सेन्सर असलेले रहिवासी सरासरी १,५५७ दिवस राहू शकले आणि सेन्सर नसलेले ९३६ दिवस, असा २०१५चा हिशेब आहे. कोणाच्या घरी सेन्सर बसवायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवले नव्हते, म्हणून सगळे श्रेय यंत्राला देता येत नाही. शिवाय दोन्ही गटांमागे परिचारिकांची नियमित देखरेख होती, आणि हा मुद्दा पाचगणीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. तो पुढे येईलच.

इतर रीतीही आहेत. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत दिना कताबी यांनी भिंतीवर टांगायची पेटी बनवली. ती वाय-फायपेक्षाही क्षीण रेडिओलहरी सोडते आणि अंगावर आपटून परतलेल्या लहरींवरून वेग व पावलाची लांबी काढते. पार्किन्सनच्या रुग्णांवर तिचा वर्षभर उपयोग करून २०२२मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मनगटावरची घड्याळे आणि खिशातले मोबाइलही चाल मोजतात. पण घड्याळ रोज चार्ज करावे लागते आणि आठवणीने बांधावे लागते, आणि आजीचा मोबाइल दिवसभर देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असतो. ज्यांची आठवण आणि पाय दोन्ही थकत आहेत, त्यांच्याच आठवणीवर अवलंबून राहणारे साधन ऐन गरजेच्या वेळी बंद पडते. जपानमध्ये झोजिरुशी या कंपनीने २००१मध्ये चहाच्या पाण्याची किटली आणली. आईने आज पाणी गरम केले की नाही हे ती मुलाला कळवते. चाल तिला मोजता येत नाही, पण विचार तोच आहे: म्हाताऱ्या माणसाला नवे काही शिकायला लावू नये, त्याच्या रोजच्या वागण्यातूनच जे कळायचे ते कळावे.

पाचगणीला या सगळ्याची गरज इतर गावांहून अधिक आहे आणि तिचे कारण गावाच्या रचनेत व हवामानात आहे. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधली ही जागा १८६०च्या दशकात जॉन चेसन यांनी नावारूपाला आणली ती मुळात निवृत्तांची वस्ती म्हणून. पावसाळ्यात महाबळेश्वर राहण्याजोगे नसे; पाचगणीत पाऊस त्या मानाने पुष्कळ कमी, म्हणून इथे बारा महिने राहता येई. पुढे शाळा आल्या, हवेसाठी रुग्ण आले. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२मध्ये ‘बेल-एअर’ हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम काढले. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. त्या काळच्या आरोग्यधामांत रुग्णाचा ताप आणि वजन नेमाने टिपत, आणि त्याने रोज किती चालायचे हेही ठरवून देत.

आज गाव पर्यटकांचे आणि निवासी शाळांचे म्हणून ओळखले जाते. हॉटेलांच्या आणि शाळांच्या आवारांमागच्या वाड्यावस्त्यांत मात्र म्हातारी माणसे आहेत, आणि त्यांतली पुष्कळ एकटी किंवा दोघेच. जावळी-महाबळेश्वरच्या डोंगरी पट्ट्यातून कमावत्या माणसाने मुंबई गाठायची, ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. गिरण्या होत्या तेव्हा गिरणीत, मग माथाडी म्हणून बाजारात, आता नवी मुंबईत मिळेल त्या नोकरीत. आईवडील मागे राहतात. बंगल्यांची राखण करत म्हातारी झालेली जोडपी आहेत, शाळांच्या भटारखान्यांत आणि वसतिगृहांत हयात घालवून निवृत्त झालेले कामगार आहेत. गाव उताराचे. बाजारातून घरी जायचे म्हणजे चढ किंवा जांभ्याच्या पायऱ्या, आणि जून लागला की त्या पायऱ्यांवर शेवाळ. खुब्याचे हाड मोडले तर वाईपर्यंत पसरणीचा घाट, आणि शस्त्रक्रियेसाठी बहुतेकदा त्याच्याही पुढे सातारा किंवा पुणे.

खरा प्रश्न पावसाळ्याचा आहे. महाबळेश्वरहून कमी असला तरी पाचगणीचा पाऊस म्हाताऱ्या माणसाला घरात कोंडायला पुरतो. धुके उतरते, ओटा ओला राहतो, दाराला प्लास्टिकचे कागद बांधलेले असतात. बाजार सुटतो, देवळाची किंवा मशिदीची फेरी सुटते, टेबललँडच्या वाटेवर सकाळी भेटणारी मंडळी एकमेकांना दिसेनाशी होतात. जूनपासून सप्टेंबरअखेर चालणे उरते ते चुलीपासून खाटेपर्यंत आणि खाटेपासून मोरीपर्यंत. म्हातारपणी न वापरलेला स्नायू फार लवकर झडतो: धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस केवळ अंथरुणात ठेवल्यावर त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो मांस उतरल्याचे अमेरिकेतल्या २००७च्या प्रयोगात दिसले. पावसाळ्यातली कोंडी इतकी कडक नसते, पण ती दहा दिवसांची नसून चार महिन्यांची असते. आणि नेमके याच चार महिन्यांत ही माणसे कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. ऑक्टोबरात ऊन पडते, ती जूनमधल्या भरवशावर उतार उतरायला निघतात, पण पाय जूनमधले राहिलेले नसतात. हा ऱ्हास ज्या जागी होतो तिथेच, म्हणजे घराच्या आत, तो पाहिला पाहिजे. दवाखान्यातली किंवा शिबिरातली तपासणी तिथे पोहोचत नाही.

अमेरिकेतली रीत जशीच्या तशी इथल्या घरांना लागू होणार नाही, हे आधीच ओळखलेले बरे. चार सेन्सरांच्या ओळीला सरळ, मोकळी, सहा फुटांची वाट लागते. ती जुन्या बंगल्यांच्या पडवीत मिळते. दोन खोल्यांच्या घरात बहुधा खाट ते मोरी एवढीच मिळते आणि मध्ये उंबरा असतो. तिथे दोन सेन्सर पुरतील, एक खाटेच्या बाजूला आणि एक मोरीच्या दाराशी. माप ढोबळ येईल, पण रोज त्याच वाटेचे असल्यामुळे कल दाखवील. पत्र्याखालचे घर उन्हाळ्यात तापते. भोवतालची हवा अंगाइतकी गरम झाली की उष्णतेवर चालणारा सेन्सर आंधळा होतो, म्हणून तो पत्र्याला न लावता तुळईवर लावावा. उन्हाळ्यातल्या दुपारच्या नोंदींपेक्षा पहाटेच्या नोंदींवर भिस्त ठेवावी. पावसात वीज जाते, तेव्हा यंत्र बॅटरीवर चालणारे हवे आणि नोंद घरातल्याच पेटीत साठायला हवी. मोबाइलची रेंज आली की ती पुढे जाईल. मांजर खालून गेले तर वेग भलताच येतो, तो ओळखून गाळता येतो. माणसांची सरमिसळ जास्त अवघड. मे महिन्यात, गणपतीत, गावच्या यात्रेला मुंबईकर घरी येतात आणि नातवंडे बोळातून धावतात. ते दिवस सरळ बाजूला काढावेत. घरात दोघे असतील तर दोघांच्या चाली वेगळ्या पडतात का हे पहिल्या महिन्यात पाहावे. पडत नसतील तर त्या घरात यंत्राचा आग्रह धरू नये.

साहित्य महाग नाही. हा सेन्सर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. तो बसवणे, त्याची नोंद ठेवणारी पेटी बनवणे आणि बिघडल्यावर येऊन दुरुस्त करणे, हे सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून देण्याजोगे काम आहे. मात्र प्रकल्पाचे गुण मिळाल्यावर यंत्र भिंतीवर मरून पडू नये, याची जबाबदारी नगरपरिषदेला घ्यावी लागेल.

यंत्राआधी मोजपट्टी यायला हवी, आणि ती आजच आणता येते. चालण्याची वेळ घरोघर मोजणे आपल्या देशाला नवे नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ज्येष्ठांविषयीची ‘सेज’ पाहणी २००७पासून भारतातल्या सहा राज्यांत झाली, त्यांत महाराष्ट्र होता आणि तिच्यात ४ मीटर चालायला लागणारी वेळ मोजली गेली. मुंबईच्या देवनार इथल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८मध्ये पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांवर लोकांची ‘लासी’ ही पाहणी केली. तिच्यातही ज्येष्ठांना घरीच चालायला लावून वेळ टिपली. सर्वेक्षण करणाऱ्याला जे जमते ते आशा स्वयंसेविकेला, म्हणजे आशाताईला, जमेल. तिच्या तपासणी-यादीत साठीपुढच्या माणसाला उभे राहताना किंवा चालताना तोल गेल्यासारखे वाटते का, हा प्रश्न आजही आहे. उत्तर बहुधा ‘नाही’ येते, कारण आपण हातीपायी धड आहोत असे सांगण्यात म्हाताऱ्या माणसाचा मान असतो आणि त्यात काही गैर नाही. त्या प्रश्नाला मोजमापाची जोड द्यावी. जमिनीवर खडूने ४ मीटरवर दोन रेघा ओढाव्यात, दोन्हीकडे एकेक मीटर मोकळा ठेवावा, म्हणजे सुरुवातीचा आणि थांबतानाचा संथपणा मापात येत नाही. रोजच्या चालीने चालायला सांगावे, ‘भरभर’ म्हणू नये. काठी असेल तर काठीसह, अनवाणी चालायची सवय असेल तर अनवाणी. मोबाइलवर वेळ घ्यावी, दोनदा. ४ सेकंदांच्या आत रेघ ओलांडली तर ठीक. ५ सेकंदांहून जास्त लागले तर ते घर आशाताईच्या यादीत वर जावे. जागा अजिबात नसेल तर हाताची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगावे. जागतिक आरोग्य संघटनेची सूचना १४ सेकंदांची आहे.

ही मोजणी वर्षातून दोनदा व्हावी, पाऊस लागण्याआधी आणि उघडल्यावर. दोन आकड्यांतला फरक म्हणजे पावसाळ्याने त्या माणसाकडून काय नेले त्याचा हिशेब. सेन्सर सर्वांना लागणार नाहीत. जे एकटे आहेत, ज्यांचा मेमधला वेग आधीच कमी आहे किंवा जे गेल्या वर्षात एकदा पडले आहेत, आणि ज्यांची स्वतःची तयारी आहे, अशांच्याच घरी जूनच्या आधी ते लागावेत.

चाल मंदावल्याचे कळल्यावर कोण जाणार, हे ठरले नसेल तर सेन्सर बसवूच नयेत. मिझुरीत परिचारिका होत्या. इथे वेग सलग दोन आठवडे उतरल्याचे पेटीने कळवले की आशाताईने दोन दिवसांत त्या घरी जावे आणि आरोग्यसेविकेने किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने आठवड्याच्या आत. पाहण्याच्या गोष्टी अवघड नाहीत. झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी नुकती बदलली आहे का; झोपून आणि उभे राहून घेतलेल्या रक्तदाबात फार फरक पडतो का; मोतीबिंदू पिकला आहे का; लघवीला जळजळ किंवा बारीक ताप आहे का, कारण म्हातारपणी मूत्रमार्गाचा संसर्ग कित्येकदा आधी पायांतूनच बोलतो. हिमोग्लोबिन आणि ब-१२ जीवनसत्त्व तपासावे. शाकाहारी घरांत ब-१२ची कमतरता सर्रास असते आणि ती तळपायाची जाणीव बोथट करते. पावले आखूड, घासत पडत असतील आणि हात हलेनासा झाला असेल, तर पार्किन्सनच्या शंकेने मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. यातले कितीतरी दुरुस्त होणारे आहे, म्हणूनच वेळेवर कळण्याला अर्थ आहे. आणि कारण काहीही निघाले तरी व्यायाम लागतोच: खुर्चीतून उठबस, ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पावलापुढे दुसरे ठेवून उभे राहणे. व्यायामाने ज्येष्ठांचे पडणे एकंदरीत सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे कॉक्रेनच्या २०१९च्या आढाव्यात आहे. हा व्यायाम खोलीत होतो, पाऊस त्याला आडवा येत नाही.

पैशाची वाटही काही अंशी मोकळी आहे. राज्य शासनाच्या २०२४च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांच्या खात्यात काठी, वॉकर, चष्मा, कमोडची खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये जमा होतात. हे पैसे कशावर खर्चावेत हे चाल मोजल्यावर नीट सांगता येईल. काठी दुकानातून उचलून आणली जाते आणि बहुधा उंच किंवा ठेंगणी निघते. हात सरळ सोडला असता तिची मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे. आशाताईला एवढे दाखवून दिले तरी पुष्कळ तोल सावरतील.

आता संमती आणि खासगीपणा. मुंबईहून मुलगा येतो, आईच्या खोलीत कॅमेरा लावतो आणि लोकलमध्ये बसून तिच्याकडे पाहतो. त्याची काळजी खरी असते. पण लुगडे बदलताना, न्हाऊन येताना, एकटीने रडताना आपल्याला कोणी पाहत आहे, हे कोणत्याही बाईच्या वाट्याला येऊ नये, मग पाहणारा पोटचा मुलगा का असेना. म्हणून नगरपरिषदेच्या योजनेत कॅमेरा आणि आवाज टिपणारे यंत्र यांना पूर्ण मज्जाव असावा. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले आणि २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. संमती मुलाची न घेता त्या ज्येष्ठ व्यक्तीची घ्यावी. मराठीत वाचून दाखवून, आणि एकदा नाही म्हटले तर पुन्हा न विचारता. पेटीवर मोठे बटण असावे, ते दाबले की नोंद बंद, कारण विचारायचे नाही. घराबाहेर जावा तो फक्त आठवड्याचा एक आकडा, तोही आरोग्यसेविकेकडे. मुलांना तो आईने सांगितला तरच कळावा.

यात आणखी एक धोका आहे आणि तो पाचगणीत विशेष आहे. इथल्या जागांना सोन्याचा भाव आहे. चाल मंदावणे आणि स्मृती ढासळणे यांचा संबंध आहे म्हटल्यावर, ‘म्हातारीला आता समजत नाही’ असे सिद्ध करायला हीच नोंद एखादा वारस किंवा दलाल पुढे करू शकतो. विमा कंपनीलाही ती हवीशी वाटेल. ही माहिती आरोग्यसेवेखेरीज कोणत्याही कामासाठी, कोणालाही दिली जाणार नाही, आणि वर्षभराहून जुनी नोंद पुसली जाईल, असा स्पष्ट ठराव नगरपरिषदेने पहिला सेन्सर लावण्यापूर्वी करावा.

या गावात दारोदार रोज जाणारी एक व्यवस्था आधीच उत्तम चालते. २०१८च्या स्वच्छ सर्वेक्षणात पश्चिम विभागातल्या छोट्या शहरांत पाचगणी सर्वात स्वच्छ ठरली, ती घंटागाडीवरच्या कामगारांच्या बळावर. कोणत्या घरातली आजी कचऱ्याची बादली घेऊन दाराशी यायची आणि आता येत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. त्यांच्यावर नवे काम लादू नये. पण आठवड्यातून एकदा आशाताईने त्यांना विचारावे आणि त्यांनी सांगितलेल्या घरी जावे, एवढी सोय करता येईल. ज्या घरांत सेन्सर नको आहे, तिथे हीच देखरेख पुरेशी आहे.

नगरपरिषदेने मार्चच्या सभेत ठराव करावा, त्यातच माहितीच्या वापराची बंधने यावीत. जिल्हा आरोग्य विभागाने एप्रिलमध्ये पाचगणी आणि भोवतालच्या पाच गावांतल्या आशाताईंना चार मीटरच्या मोजणीचे एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे आणि या जादा कामाचा मोबदला ठरवून द्यावा. फुकट काम त्यांच्याकडून आधीच पुष्कळ करून घेतले जाते. पहिली मोजणी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात व्हावी, पंचवीस घरांत सेन्सर जून उजाडण्याआधी लागावेत, दुसरी मोजणी दसऱ्यानंतर. दोन्ही मोजण्यांचे आकडे, कोणाचे नाव न देता, नोव्हेंबरच्या सभेत लोकांपुढे ठेवावेत. कोणाच्या घरी किती दिवसांत आरोग्यसेविका पोहोचली, हाही आकडा त्यांत असावा.

कळावे.

पाचगणीतील एक नागरिक